वडील काय करतात?

१९७८ साली बी.एस्सी. झाल्यावर मी सैन्यात अधिकारी होण्यासाठी एका सेवा निवड मंडळापुढे गेलो होतो. पत्र्याची ट्रंक आणि मावसभावाचे उसने बूट घेऊन. पोचल्या दिवशी छातीवर बांधायला नंबर मिळाला आणि भरायला एक फॉर्म. त्यात रकाना होता : वडिलांचा व्यवसाय. माझे वडील तलाठी. शेजारच्या मुलाने झोकात ‘कर्नल’ लिहिलेलं मी पाहिलं, आणि माझा निकाल इथेच लागला, अशी मनाची समजूत करून घेतली.

पुढे या मंडळांचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की माझी भीती अगदीच निराधार नव्हती. फक्त तिला पस्तीस-चाळीस वर्षं उशीर झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडत, ते काही मिनिटांच्या मुलाखतीवर. शाळा कोणती, वडील काय करतात, घोड्यावर बसता येतं का? नामांकित शाळांतली मुलं होती तोवर हे खपलं. पण सैन्य फुगलं, अधिकारी हजारोंनी हवे झाले, आणि निवडलेली पुष्कळ मुलं प्रशिक्षण केंद्रांतून नालायक म्हणून परत येऊ लागली. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले.

स्कॉटलंडमधले सेनापती अँड्र्यू थॉर्न पूर्वी बर्लिनला लष्करी वकिलातीत होते. जर्मन सैन्य उमेदवारांना ठेवून घेऊन मानसशास्त्रज्ञांकडून तपासतं, हे त्यांना ठाऊक होतं. जर्मनांची एक तऱ्हा अशी : उमेदवाराला स्प्रिंग ओढायला लावायची, तिच्यातून विजेचा प्रवाह वाढवत न्यायचा आणि त्याच्या चेहऱ्याचं चित्रीकरण करायचं. चेहऱ्यावरून चारित्र्य वाचण्याचा हा प्रकार मला ज्योतिषाचा चुलतभाऊ वाटतो. इंग्रजांनी त्यातलं मुक्कामी ठेवून निरीक्षण करणं घेतलं. १९४२ मध्ये एडिंबरोला पहिलं मंडळ बसलं.

त्या मंडळावर विल्फ्रेड बियॉन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. जन्म आपल्याकडचा, मथुरेचा. पहिल्या महायुद्धात विशीत रणगाड्यावर लढून शौर्यपदक मिळवलेला हा माणूस. अधिकारी म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्यांनी काढलेली युक्ती साधी होती. काही उमेदवारांना एक काम द्यायचं आणि तुमच्यात पुढारी कोण, ते सांगायचंच नाही. उमेदवारांना वाटायचं, कामाची परीक्षा आहे. खरी परीक्षा वेगळीच. प्रत्येकाला आपली निवड व्हायला हवी असते आणि काम तर इतरांच्या हातांशिवाय होत नाही. स्वतःचं भवितव्य टांगणीला लागलेलं असताना हा माणूस शेजारच्याशी कसा वागतो, एवढंच निरीक्षक पाहत बसायचे.

१९४३ मध्ये ही पद्धत डेहराडूनला आली. ज्या सैन्याने ‘लढवय्या जमाती’ ठरवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली आणि युद्धाची गरज पडताच १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभारली, त्याच सैन्यात हे घडत होतं, बरं का! युद्ध संपल्यावर ब्रिटनने मंडळांवरचे मानसोपचारतज्ज्ञ काढून घेतले. चर्चिल यांना ही मंडळी कधी रुचलीच नव्हती. आपण मात्र मानसशास्त्रज्ञ ठेवला, आणि १९४९ मध्ये त्यासाठी संशोधन विभागही काढला.

तीन परीक्षक, तीन वाटा. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराने लिहिलेलं वाचतो : धूसर चित्रावरून गोष्ट, पंधरा सेकंदांत एका शब्दावर वाक्य, असे साठ शब्द. दुसरा मुलाखत घेतो. तिसरा मैदानावर पाहतो. मनसा, वाचा, कर्मणा, असं तिथे म्हणतातच. तिघांनी शेवटच्या दिवसापर्यंत आपापसांत बोलायचं नाही. त्या दिवशी एकत्र बसून ताळा घ्यायचा. लिहिताना शूर आणि मैदानावर मागे राहणारा इथे सापडतो.

मी सापडलो तो मैदानावर. एक फळी, एक बल्ली, दोर आणि सामानाची पेटी घेऊन आखलेल्या पट्ट्यापलीकडे जायचं. लाल रंगाला शिवायचं नाही. फळी कुठे टेकवायची ते मला सर्वांआधी सुचलं आणि ते बरोबरही होतं. मी ओरडून सांगितलं, फळी टाकली, आणि पहिला पलीकडे गेलो. पेटी अलीकडेच राहिली. एक मुलगा फळीवर मध्येच थिजला होता. तुटकं इंग्रजी बोलणारा एक जण परत मागे गेला, त्याच्या हातातला दोर स्वतः घेतला, त्याला पुढे घातलं, मग पेटीसाठी पुन्हा मागे. मी पलीकडून सूचना देत होतो.

पाचव्या दिवशी नंबर पुकारले. त्या मुलाचा पुकारला, माझा नाही. कर्नलच्या मुलाचाही नाही. आदल्या रात्री बराकीत गप्पा झाल्या होत्या. त्या मुलाच्या रकान्यात ‘शेतमजूर’ लिहिलेलं होतं.

घरी आलो. वडिलांनी विचारलं, ‘‘काय विचारलं रे तिथं?’’

‘‘तुम्ही काय करता, ते विचारलं, अण्णा,’’ मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसून पुन्हा सातबाऱ्याचे उतारे लिहायला बसले. मैदानावरची हकीकत मी त्यांना कधीच सांगितली नाही.