नापास कोण?

‘नापास’ हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे कीं, तो जणूं मुलाच्या अंगचाच दोष वाटूं लागतो. वास्तविक त्याची घडणच सांगते कीं, तो इंग्रजी अमदानींतला आहे. पंतोजींच्या शाळेंत धुळपाटीवरून उजळणीकडे व मोडी वाचनाकडे जो तो आपापल्या गतीनें जाई. सर्वांनीं वर्षाकांठीं एकच पायरी चढलीच पाहिजे, असा दंडक तेथें नव्हता. म्हणून पायरीवर कोणी मागें राहिला, असेंही म्हणतां येत नसे.

वार्षिक इयत्ता आली ती सरकारी शिक्षणपद्धतीबरोबर. १८६२ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट लो यांच्या नियमांनीं शाळेच्या अनुदानाची सांगड परीक्षेच्या निकालाशीं घातली. त्याच धर्तीची पद्धत मुंबई इलाख्यांतही अवलंबिली गेली. मुलाची परीक्षा ही अशा रीतीनें शाळेच्या मिळकतीची बाब झाली.

या व्यवस्थेचा ठळक हिशेब सर फिलिप हारटॉग यांच्या समितीनें १९२९ सालीं मांडला. १९२२-२३ मध्यें पहिल्या इयत्तेंत असलेल्या दर १०० मुलांमागें तीन वर्षांनीं चौथ्या इयत्तेंत अवघीं १८ आढळलीं. उरलेल्यांपैकीं कांहींनीं शाळा सोडली होती, तर कांहीं त्याच त्या इयत्तेंत बसत होतीं. यांसच आपण गळती व स्थगिती म्हणतों. कारणें शोधतां समितीचें बोट मुलांच्या बुद्धीकडे वळलें नाहीं. पालकांचें दारिद्र्य व निरक्षरता, अनेक इयत्ता एकट्यानें सांभाळणारा शिक्षक, त्याची अपुरी तयारी, जीवनाशीं न जुळणारा अभ्यासक्रम, हीं तीं कारणें होतीं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत मुलास मागें ठेवण्यास बंदी केली. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवींत व आठवींत तशी मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्रानें ती २०२३ सालीं स्वीकारली. मात्र या दुरुस्तींत एक अट आहे: अनुत्तीर्ण मुलास आधीं जादा शिकवावें आणि दोन महिन्यांत पुन्हां परीक्षेची संधि द्यावी.

सारें मर्म या अटींत आहे. मुलास नुसतें वर ढकलल्यानें त्याला वाचतां येत नाहीं. आणि ज्या शिकवणीनें तें मागें पडलें, तीच आणखी एक वर्ष दिल्यानेंही येत नाहीं. म्हणून प्रगतिपुस्तक हातीं येतांच मुलाला जाब विचारण्यापूर्वीं वाचकांनीं शाळेला एक प्रश्न अवश्य विचारावा: या वर्षीं त्याला निराळें असें काय शिकवणार?