बी बदललं, मर मागे राहिला

यवतमाळच्या काळ्या रानात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काही ओळींनंतर तुरीचं एक तास असतं. माती एक, पाऊस एक, डवरणी एक. तरी फुलोऱ्यातली तूर उभ्या उभ्या वाळते आणि शेजारची पऱ्हाटी हिरवीगार राहते. वाळलेल्या तुरीच्या खोडावर जमिनीपासून वर चढलेला जांभळट पट्टा दिसतो, साल सोलली की आत काळ्या रेघा. हाच तो मर. शंभर वर्षांपूर्वी कपाशीही मर लागून अशीच जायची, कारण तेव्हाची कपाशी देशी होती आणि इथली फ्युजेरियम बुरशी देशी कपाशीवरच पोसलेली होती. १९०३ मध्ये यवतमाळसह वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताकडे गेला. मर लागलेल्या रानांसाठी मध्य प्रांतात छोटा नागपूरकडची 'बुरी' कपाशी पुढे आली. ती अमेरिकी वंशाची, म्हणून तिला इथला मर लागत नसे.

पुढे एच-४ (१९७०) आणि बीटी (२००२) या संकरित वाणांनी अमेरिकी कपाशीचं राज्य पक्कं केलं, आणि देशी कपाशीबरोबर तिचा मरही मागे पडला. हे सारं उत्पन्नासाठी, धाग्यासाठी आणि बोंडअळीसाठी झालं, मरासाठी नव्हे, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. पण यजमान, म्हणजे बुरशी ज्यावर जगते ते पीक, का बदललं, याच्याशी बुरशीला काय देणंघेणं? औषधांनी आणि मशागतीने रोग गेला म्हणावं, तर त्याच रानातली तूर का मरते? तुरीची बुरशी वेगळी, फ्युजेरियम उडम. पुसाच्या संशोधन संस्थेतल्या बटलर या शास्त्रज्ञाने १९१० मध्ये तिचं वर्णन केलं. तिचा यजमान मात्र कधी बदलला नाही, वाणच तेवढे बदलत गेले. 'मारुती' (१९८६) मराला टिकला, पण वांझ रोगाला बळी पडला. दोन्हींना दाद न देणारा 'आशा' नंतर आला.

अमेरिकी कपाशी मुळातच दणकट, हा समजही टिकत नाही. खुद्द अमेरिकेत, अलाबामात, ॲटकिन्सन या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये तिच्या मराची नोंद केली होती. तिथल्या बुरशीचा वंश निराळा. भारतातल्या देशी कपाशीवरून ओळखला गेलेला 'रेस ४' हा वंश २००१ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला, आणि तिथे आधी पिमा, मग अपलँड, म्हणजे आपली अमेरिकी, कपाशीही मरू लागली.