पायलटची ज्योत आणि सीबेकची चूक

जबलपूरची थंडी म्हणजे काही सियाचीन नव्हे. पण जानेवारीत इथलं जुनं क्वार्टर रात्री चांगलंच गारठतं. आधीच्या बिऱ्हाडाने मागे ठेवलेला सिलिंडरवरचा हिटर मी पेटवायला घेतला. नॉब दाबून धरला की पायलटची निळी ज्योत पेटायची, सोडला की विझायची.

या ज्योतीचा पहारेकरी दोनशे वर्षांचा आहे. १८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस सीबेकने दोन वेगळ्या धातूंचे तुकडे जोडून कडं केलं आणि एक सांधा तापवला. जवळच्या होकायंत्राची सुई हलली. उष्णतेने धातूत चुंबकत्व येतं, असं त्याने ठरवलं. सुई हलली हे खरं होतं, कारण मात्र चुकलं. कड्यातून वीज वाहत होती आणि सुई तिच्यामुळे हलत होती. हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने ओळखलं. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर यानं आजही याच तत्त्वावर प्लुटोनियमच्या उष्णतेतून वीज मिळवतात.

हिटरमधलं थर्मोकपल म्हणजे तोच तापलेला सांधा. त्याची वीज व्होल्टच्या दोन-तीन शतांशाएवढी, पण तेवढ्यावर एक छोटा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरतो. ज्योत विझली की थर्मोकपल गार होतं आणि झडप मिटते. म्हणूनच सुरुवातीला ते तापेपर्यंत नॉब दाबून धरावा लागतो.

सिलिंडर बंद करून मी थर्मोकपलच्या टोकावरची काजळी पॉलिश पेपरने घासली, ढिला नट आवळला. साबणाच्या पाण्याने गळती तपासली. ज्योत टिकली!

दुसऱ्या रात्री तासाभराने पुन्हा विझली. थर्मोकपल गेलं, असं मी ठरवलं आणि नॉब तारेने बांधायला निघालो. तेवढ्यात शेजारचे साताऱ्याकडचे सुभेदार साहेब आले.

"तार ठेव खाली. खिडकी उघडी आहे का?"

"नाही साहेब, गार वारा येतो."

"वर पोस्टवर बुखारी पेटवून असं दार-खिडकी लावून झोपला असतास का रे?"

मी गप्प. काही हिटरांत पायलटची रचनाच अशी असते की हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साधारण १८ वर आला की ज्योत थर्मोकपलपासून सरकते आणि गॅस बंद होतो. माझा हिटर त्याच जातीचा. तो बिघडला नव्हता, ड्यूटी करत होता. बंद खोलीत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि हा पहारेकरी तो वायू थेट ओळखत नाही. म्हणून खिडकी उघडी हवीच आणि झोपण्यापूर्वी हिटर बंद.

सीबेकसारखंच मीही दिसलं ते बरोबर पाहिलं आणि कारण चुकीचं धरलं. त्याच्या चुकीने कुणाचं काही बिघडलं नाही. माझ्या खोलीत मात्र दोन लेकरं झोपली होती.