मीठ, मासळी आणि उरलेली मुंडकी

सिल्वासाला समुद्र नाही. तरी पावसाळा तोंडावर आला की इथल्या बाजारात सुके बोंबील, जवळा, करंदी यांचे ढीग लागतात. वारली, कोकणा, धोडिया घरांची ती बेगमी. माल येतो दमण-डहाणूच्या किनाऱ्यावरून.

बोंबील नुसत्या उन्हावर वाळतो. बांगड्याला मात्र मीठ लागतंच, आणि मिठाची किल्ली सरकारच्या हाती होती. नगर हवेली १७८३ पासून पोर्तुगीजांकडे. २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या मिठाचा ताबा इंग्रजांना मिळाला. बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये. तह १८९२ मध्ये संपला. शेजारच्या ब्रिटिश मुलखात तर १८८८ पासून मणामागे अडीच रुपये मीठकर होता.

महाग मीठ म्हणजे हात आखडता. आणि अर्धवट खारवलेल्या मासळीची खरी गंमत इथेच आहे. मिठाने बहुतेक जिवाणू थांबतात, पण काही यीस्ट थांबत नाहीत. डेबॅरिओमायसिस हॅन्सेनी हे यीस्ट वीस टक्के मिठातही तग धरतं. शत्रू मेले की रान त्याला मोकळं! महुआच्या मडक्यात फेस आणणारेही यीस्टच. तिथे ते हवेहवेसे, इथे नकोसे.

माणसाच्या ताटातल्या माशालाच मीठ पुरेना, तर मुंडक्या-आतड्यांना कोण घालणार? ती शेतात, माडांच्या बुंध्यात गेली. टिकवण्याचा रस्ता पुढे युरोपात निघाला. फिनलंडच्या आ. इ. विर्तानेन यांनी आम्लाने हिरवा चारा टिकवला (त्यांना १९४५ चं नोबेल मिळालं). तीच युक्ती माशाच्या टाकाऊ भागावर वापरून पशुखाद्य होऊ लागलं. काही ठिकाणी काकवी घालून आंबवतातही.

पण यीस्ट तिथेही हजर! भांड्यात हवा शिरली की ते आम्लच खाऊन टाकतं. आंबटपणा उतरतो, थांबलेले जिवाणू पुन्हा जागे होतात, आणि सगळं नासतं. म्हणून भांडं काठोकाठ भरून घट्ट झाकतात.

ब्रिटिश हिंदुस्थानातला मीठकर १९४७ मध्ये उठला. नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाली. आपण किल्ले आणि तह मोजतो. बाजारातल्या सुक्या मासळीच्या पाटीमागेही एक तहच उभा आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.