त्या रात्री नाटक ‘शारदा’ होतं

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनच्या निरोपानिमित्त किर्लोस्कर नाटक मंडळीचा प्रयोग होता. तिथंच अनंत कान्हेरेनं जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. शाळकरी वयातून नुकताच बाहेर पडलेला पोरगा. पुढं १९ एप्रिल १९१० ला ठाण्यात त्याला फाशी झाली.

आता बघा, त्या रात्रीचं नाटक होतं देवलांचं ‘संगीत शारदा’. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची गोष्ट. तलवार नाही, रक्त नाही. १९१० मध्ये सरकारनं बंदी घातली ती मात्र दुसऱ्याच नाटकावर, खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर. त्यासाठी १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा हाताशी होताच.

‘कीचकवध’ १९०७ सालचं. गोष्ट महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसायचा, द्रौपदीत देश, भीमात जहाल. व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकारानं प्रेक्षागृहाचं वर्णन करून ठेवलंय. पुरुषांचे आक्रसलेले चेहरे, बायकांचे पाणावलेले डोळे, आणि कीचक मरतो तेव्हा सगळीकडून उठणारा समाधानाचा हुंकार. त्याचं म्हणणं असं, की ही साधी करमणूक नाही.

माझ्या मते चिरोलला दिसलं ते खरंच होतं. नाटकाचा परिणाम होत होता. पण राग नाटकानं तयार केलेला नव्हता. तो लोक घरून घेऊन यायचे. १९०५ ची बंगालची फाळणी आणि १९०८ मध्ये टिळकांना झालेली मंडालेची शिक्षा, हे काही खाडिलकरांनी लिहिलेले प्रवेश नव्हते. कान्हेरेच्या डोक्यातही बाबाराव सावरकरांना झालेली जन्मठेप होती. ते सगळं मागं घेण्यापेक्षा नाटक बंद करणं सोपं.

हे दोन्ही नाटककार आमच्या पट्ट्यातले. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. आमच्या रहिमतपूरला वसंत कानेटकर जन्मले, पण गावात इतिहास म्हटलं की आधी अफझलखान. १६५९ मध्ये वाईला जाताना त्याची फौज इकडूनच गेली. चौथीच्या स्नेहसंमेलनात मी खान होतो. अभिनयासाठी नाही, अंगानं थोराड होतो म्हणून. शिवाजीनं मिठी मारली की सदऱ्यात कोंबलेली लाल ओढणी हातभर बाहेर ओढायची. पहिल्या रांगेतले पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोथळा काढण्याचा लहान मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, असं त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही. कीचक मेल्यावरचा हुंकार असाच असणार, असं मला ते वर्णन वाचताना वाटलं.

मग मोबाईल आला आणि तोच प्रश्न नव्यानं विचारला जाऊ लागला. २०१९ च्या फेब्रुवारीत गोव्याच्या एका मंत्र्यानं पबजीला घराघरातला राक्षस म्हटलं. मार्चमध्ये राजकोटला पोलिसांनी बंदी घातली आणि खेळणाऱ्या पोरांना पकडलं. त्याच महिन्यात हिंगोलीत रेल्वेरुळावर पबजी खेळणारे दोन तरुण गाडीखाली गेल्याची बातमी आली. रहिमतपूरलाही पुणे-मिरज मार्गावरचं स्टेशन असल्यानं ती आमच्याकडं जास्तच फिरली. पण त्या दोघांचा जीव बंदुकीच्या चित्रानं नाही, स्क्रीनवरून न हटलेल्या नजरेनं घेतला.

पुढं २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं पबजी बंद केली, ११८ ॲपच्या यादीत. कारण हिंसा नव्हतंच. कारण होतं देशाची सुरक्षा आणि डेटा. २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावानं परत आला तेव्हा रक्त हिरवं झालं होतं आणि ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ शब्द आला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. हिरवं रक्त म्हणजे एका रंगाचा कोड बदलणं. सीझन, रँक, रोजचं बक्षीस, हे सगळं जागच्या जागी.

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीनं फोन केला. तिच्या चौदा वर्षांच्या पोरानं फोन काढून घेतला म्हणून धाकट्या बहिणीला ढकललं, तिच्या कपाळाला टाके पडले. ‘अरे, तू कॉम्प्युटरमधला ना? मग सांग की, ह्या मारामारीच्या गेमनंच झालंय ना हे? फोडून टाकते फोन.’

तिला सांगण्यासारखं संशोधन होतं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं २०२० मध्ये म्हटलंय, की हिंसक गेम आणि खराखुरा हिंसाचार यांचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. पण ओरडणं, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी लहानसा संबंध दिसतो. आमच्या घरात नेमकी ढकलाढकलीच झाली होती. त्यामुळं ‘गेमचा काही संबंध नाही’ असं तिला ठणकावून सांगणं मला पटेना.

शनिवारी गावी गेलो. पोराशेजारी बसलो. आधी बोलेना. मग म्हणाला, ‘मामा, सीझनचा शेवटचा दिवस होता. दोन मॅच राहिल्या होत्या, नाहीतर रँक जाणार.’ आदल्या रात्री अडीचपर्यंत जागा होता. सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, मग परत तेच. अठराखालच्यांना दिवसाला तीन तास अशी मर्यादा २०२१ पासून या खेळात आहे. पण खात्यावरचं जन्मसाल त्यानं स्वतःच ठरवलेलं.

सीझनला शेवटची तारीख का असते, हे मी त्याला वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. कुठल्या दिवशी किती पोरं परत येतात याचा आलेख कंपनीत कसा बघतात, रँक मुद्दाम खाली का आणतात, हरत आलेल्याला मध्येच बक्षीस का मिळतं. गोळ्या झाडण्याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. तो मात्र पहिल्यांदा नीट बघत होता. ‘म्हणजे पुढच्या सीझनला परत पहिल्यापासून?’ त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

फोन फोडला नाही. तो रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतो, ताईचाही आणि भावजींचाही. भावजी दोन दिवस कुरकुरले. धाकटीचे टाके निघालेत. दादानं तिच्यासाठी दिवाळीचा किल्ला करायला घेतलाय. खान कुठं उभा करायचा यावरून दोघांची रोज भांडणं होतात.