नांदेडचें कापड आणि गिऱ्हाइकाचें माप

नांदेड म्हटलें कीं गोदावरी आणि गुरु गोविंदसिंगांचा गुरुद्वारा प्रथम डोळ्यांपुढें येतो. निजामी अमदानींत मात्र हें शहर आणखी एका गोष्टीसाठीं नांवाजलेलें होतें. ती म्हणजे येथील तलम मलमल आणि जरीकांठी वस्त्रें. हें कापड विणणाऱ्यांपुढें जो पेंच होता, तोच आजच्या मोठमोठ्या कारखानदारांपुढेंही आहे. माल पुष्कळ आणि स्वस्त निघावा, ही करणाराची इच्छा; आपल्याला हवा तसाच मिळावा, ही घेणाराची. दोघांचें समाधान एकदम कसें व्हावें?

मागावर ताणा चढविणें हें फार वेळखाऊ काम. शेंकडों धागे मोजावयाचे, त्यांना खळ द्यावयाची, एकेक फणींतून ओढून घ्यावयाचा. सगळें घर त्यांत राबत असे. एका लुगड्यासाठीं एवढा खटाटोप परवडणें शक्य नव्हतें. म्हणून विणकर एकच लांब ताणा धरून त्यावर एकापाठोपाठ अनेक लुगडीं विणीत. कांठ ताण्यांतच असल्यामुळें तो सर्वांना सारखा. पण अंगाची छटा आणि पदर हीं बाण्याच्या स्वाधीन. धोट्यांतली कांडी बदलली कीं लुगड्याची तऱ्हा बदलली. सर्वांना जें समान तें आधीं उरकावें आणि ज्याचें त्याचें जें निराळें तें होईल तितकें मागें ठेवावें, अशी ही साधी युक्ति होती. इटलींतील बेनेटन कंपनीनें लोकरी कपडे आधीं बिनरंगी विणून ठेवून मागणीप्रमाणें मागाहून रंगविण्यास आरंभ केला, तेव्हां व्यापारी जगांत तिचा मोठा गाजावाजा झाला. आमच्या साळ्या-कोष्ट्यांना त्याचें फारसें नवल वाटलें नसतें.

१९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग नांदेडवरून गेला आणि पुढें येथें उस्मानशाही गिरणी उभी राहिली. गिरणीचा हिशेब निराळा. यंत्र थांबलें कीं तोटा. म्हणून एकाच वाणाचीं ठाणांमागून ठाणें निघालीं पाहिजेत. गरिबाच्या अंगावर स्वस्त धोतर आलें तें या हिशेबामुळेंच, हें कबूल केलें पाहिजे. १९७४ च्या कायद्यानें ही गिरणी आजारी म्हणून सरकारकडे गेली व पुढें बंद पडली. तिच्या दुखण्याचीं कारणें अनेक होतीं. सारा दोष एकाच गोष्टीवर ढकलणें अन्यायाचें होईल.

जुन्या युक्तीचा सर्वांत उत्तम प्रत्यय मात्र नांदेडांत निराळ्याच ठिकाणीं येतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, पण निजामाच्या राज्यांत तिरंगा उभारण्यास बंदी होती. त्या दिवशीं हैदराबादेंत ध्वज फडकविणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालें. पुढें १९६७ मध्यें नांदेडास मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिति स्थापन झाली, आणि तिच्या संस्थापकांत हेच स्वामीजी होते. एके काळीं ज्याला बंदी होती तो ध्वज ही समिति आज तयार करते.

ध्वजाची खादी लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें विणली जाते. विणतांना ती पांढरीच असते. मग अहमदाबादेस धुलाई-रंगाई होऊन ती नांदेडास परतते, आणि येथें कापणी, शिलाई व चक्राची छपाई होते. सरकारी प्रमाणाप्रमाणें ध्वजाचीं मापें नऊ. लांबी-रुंदीचें प्रमाण सर्वत्र ३:२. सर्वांत मोठा ध्वज ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १००. मोटारीसाठीं २२५ बाय १५० चें माप ठरलेलें, टेबलासाठीं सर्वांत लहान. मोठ्याचें क्षेत्रफळ लहानाच्या १७६४ पट भरतें! चक्राचे आरे २४, आणि तें दोन्ही बाजूंस दिसलें पाहिजे.

येथें गिऱ्हाइकाला निवड आहे ती फक्त मापाची. रंग, पट्टे, चक्र यांत कोणाची मर्जी चालत नाहीं. तिन्ही पट्टे सारखे असल्यामुळें कोणता रंग अधिक खपेल, याची चिंता रंगाऱ्यास नाहीं. संशय उरतो तो एवढाच कीं कोणत्या मापाचे किती ध्वज लागतील. आणि त्याचा निकाल कात्री चालवितांना लागतो. मोठ्या पट्ट्याचे लहान पट्टे करतां येतात, लहानाचा मोठा होत नाहीं. म्हणून कात्री लावण्याची घाई केली कीं नुकसान ठरलेलें.

मागणीचे दिवस मात्र मोजके: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि मराठवाड्यापुरता मुक्तिसंग्रामाचा १७ सप्टेंबर. शिलाईस रात्र जागवून वेग देतां येतो. चरख्यावरच्या सुताला तसा देतां येत नाहीं. तें महिनोन् महिने आधींच निघालेलें असावें लागतें, आणि तोंवर पैसा कापडांत अडकून पडतो. अशा स्थितींत ३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहिता बदलून यंत्रावर केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांस परवानगी देण्यांत आली. २०२२ च्या ऑगस्टांत घरोघरीं तिरंगा लागला, तेव्हां इतक्या घरांना हातसुताचा ध्वज पुरविणें खादीला शक्यच नव्हतें, हें खरें. परंतु स्वस्त ध्वज पहिल्या पावसांत विटला तर टाकून दुसरा घेतां येतो. उदगीरच्या कातणारणीची मजुरी त्या दुसऱ्या ध्वजांत कोठेंच येत नाहीं.