वीस तासांत म्हातारपण

मे महिन्यात सोलापूरला गेलो की दुपारी बाहेर पडायची हिंमत होत नाही. पारा बेचाळीसवर आणि डांबरी रस्ता साठच्याही पुढे तापलेला! परवा पुणे नाक्याजवळ माझी चप्पलच रस्त्याला चिकटली. घरी येऊन कुरकुर केली तर बाबा म्हणाले, "चिकटतंय म्हणजे अजून जीव आहे त्याच्यात. म्हातारं डांबर चिकटत नाही, तडकतं."

बाबा आयुष्यभर रस्त्यांच्या कामावर सुपरवायझर होते. पण डांबर म्हातारं होतं म्हणजे काय? मग काय, अख्खा रविवार त्यात घातला :)

आपण ज्याला डांबर म्हणतो ते बहुतेक वेळा बिटुमेन असतं, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा भाग. हवेतला ऑक्सिजन त्यात मुरत जातो, तेलकटपणा कमी होतो आणि अॅस्फाल्टीन नावाचे कडक घटक वाढतात. रस्ता ठिसूळ होतो, भेगा पडतात.

अडचण अशी, की हे कळायला दहा वर्षं थांबावं लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग नाही, थेट प्रॉडक्शन! यावर १९४० मध्ये अमेरिकेत लुईस आणि वेलबॉर्न यांनी उपाय काढला. बिटुमेनचा जेमतेम ३.२ मिलिमीटरचा थर भट्टीत १६३ अंशांवर ५ तास ठेवायचा. (१६३ हा आकडा विचित्र वाटतो ना? फॅरनहाइटमध्ये तो ३२५ आहे.) १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हायवे खात्यातल्या लोकांनी बिटुमेन काचेच्या बाटल्यांत घालून त्या भट्टीत गोल फिरवल्या, वर गरम हवेचा झोत. आता हे काम ८५ मिनिटांत होतं.

पण ही नक्कल फक्त पहिल्या काही तासांची, म्हणजे प्लांटमध्ये खडी आणि डांबर मिसळण्यापासून रोलर फिरेपर्यंतची. पुढच्या वर्षांसाठी १९८७ ते १९९३ दरम्यानच्या अमेरिकी संशोधन कार्यक्रमातून प्रेशर एजिंग व्हेसल आलं. तेच बिटुमेन वातावरणाच्या वीसपट दाबाच्या हवेत, ९० ते ११० अंशांवर, २० तास. बाहेर निघतं ते साधारण पाच-दहा वर्षं वापरलेल्या रस्त्यासारखं! अर्थात ऊन, पाऊस आणि उसाच्या ट्रॉल्या त्यात नसतात.

आपल्याकडे पूर्वी २५ अंशांवर सुई किती रुतते यावरून बिटुमेनची प्रत ठरायची. सोलापूरच्या मे महिन्यात २५ अंश? पहाटेसुद्धा मिळणं मुश्कील! २००६ मध्ये आयएस ७३ हे मानक बदललं आणि ६० अंशांवरच्या घट्टपणावरून व्हीजी-१०, व्हीजी-३० अशा प्रती आल्या. भट्टीतून काढल्यावर व्हीजी-३० चा घट्टपणा आधीच्या चौपटीपेक्षा जास्त वाढता कामा नये, अशी अट आहे.

हे सगळं मी बाबांना मोठ्या उत्साहात ऐकवलं. त्यांनी शांतपणे एक गोष्ट सांगितली. एका कामावर प्लांटवरून माल आला तो निळसर धूर सोडत. डांबर जळलं होतं. बाबांनी ट्रक परत पाठवला. ठेकेदार म्हणाला, लॅबचा रिपोर्ट ओके आहे, टाका. माल टाकला गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो तुकडा तडकला, आणि बाबांना त्या ठेकेदाराने पुन्हा कधी बोलावलं नाही. मी तेव्हा सातवीत होतो. बाबा वर्षभर घरी का होते, ते मला परवा कळलं.

रिपोर्ट खोटा नव्हता. त्यात १६३ अंशांवर डांबर कसं वागतं ते लिहिलं होतं. प्लांटवाल्याने ते किती तापवलं, हे त्यात कुठून येणार? रस्ता टाकायच्या आधीच काही वर्षं म्हातारा झाला होता.

असो. पुढच्या वेळी रस्त्याचं काम चालू दिसलं तर गाडीची काच खाली करून ट्रककडे बघा. निळा धूर दिसला तर तिथल्या सुपरवायझरला विचारा. बिचाऱ्याला कोणीतरी विचारलेलं बरं वाटेल.